इंग्रजीतलं विशेषण आणि क्रियाविशेषण नेमकं कुणाला जोडायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. शेवटी '-ली' लागला की क्रियाविशेषण, नाही तर विशेषण, असं शाळेत शिकवलं. मग 'शी लुक्स ब्यूटिफुली' चूक आणि 'ही वर्क्स हार्ड' बरोबर, हे कसं? दुसरं, हे शब्द वाक्यात कुठे ठेवायचे याला नियम आहे, की कानाला बरं वाटेल तिथे ठेवायचे? आणि तिसरं, 'टू' आणि त्याच्या क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण घातलं तर चालतं का?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. विशेषण, क्रियाविशेषण आणि त्यांच्यासारखं काम करणारे शब्दसमूह या सगळ्यांना मिळून इंग्रजीत मॉडिफायर म्हणतात. मॉडिफायरची जात त्याच्या रूपावरून ठरत नाही. तो कुणाबद्दल बोलतोय यावरून ठरते. नामाबद्दल बोलत असेल तर विशेषण. क्रियापद, दुसरं विशेषण, दुसरं क्रियाविशेषण किंवा अख्खं वाक्य यांच्याबद्दल बोलत असेल तर क्रियाविशेषण. आणि तो कुणाबद्दल बोलतोय हे इंग्रजीत बहुतेक वेळा त्याच्या जागेवरून कळतं.

जागेला इतकं महत्त्व का, हे मराठी शेजारी ठेवून पाहिलं की लगेच लक्षात येतं. आपण 'चांगला मुलगा', 'चांगली मुलगी', 'चांगल्या पुस्तकात' म्हणतो. 'चांगला'सारखं आपलं विशेषण विशेष्याची खूण अंगावर वागवतं, त्यामुळे ते थोडं लांब गेलं तरी कुणाचं आहे हे कळतं. इंग्रजी 'गुड' मात्र मुलगा, मुलगी, पुस्तकं या सगळ्यांपुढे 'गुड'च राहतं. त्याच्याकडे लिंग नाही, वचन नाही, सामान्यरूप नाही. जागा चुकली की त्याचं नातं चुकलं.

आधी '-ली'बद्दल. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी 'ए' लावून क्रियाविशेषण करत असत. आजच्या 'फास्ट' आणि 'हार्ड' या दोघांना तेव्हा विशेषणाचं एक रूप होतं आणि 'ए' लावलेलं क्रियाविशेषणाचं दुसरं. याशिवाय 'सारखा' या अर्थाची विशेषणं बनवणारा 'लीच' असा एक प्रत्यय होता. त्यालाही तोच 'ए' लागून 'लीचे' व्हायचं, म्हणजे क्रियाविशेषण. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचा हा 'ए' उच्चारातून गळून पडला. त्यामुळे 'फास्ट' आणि 'हार्ड' यांची दोन्ही रूपं एकसारखी झाली, आणि 'लीच', 'लीचे' हे दोघेही झिजून '-ली' झाले. आज जे अपवाद म्हणून पाठ करून घेतात, त्यातले बरेचसे या एका घटनेतून आलेले आहेत. 'ही वर्क्स हार्ड' मधलं 'हार्ड' हे पूर्वीपासूनच क्रियाविशेषण आहे, फक्त त्याची शेपटी गेली. आणि 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉवर्डली', 'ब्रदरली' ही '-ली' असूनही विशेषणं आहेत, कारण त्यांच्यातला '-ली' मुळात विशेषण बनवणारा आहे. त्यांचं क्रियाविशेषण करायचं तर 'फ्रेंडलिली' असं ओढूनताणून करू नका. 'ही स्पोक टू मी इन अ फ्रेंडली वे' असं शब्दसमूहानं म्हणा. 'डेली', 'वीकली', 'अर्ली' ही दोन्ही कामं करतात.

अशा काही शब्दांना '-ली' लागलेलं दुसरं रूपही आहे, आणि आज त्याचा अर्थ वेगळा आहे. इथे खरी ठेच लागते. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. शिफारसपत्रात कुणाबद्दल 'वर्क्ड हार्डली' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कौतुक होतं, कागदावर नेमकं उलटं उतरलं.

आता 'शी लुक्स ब्यूटिफुली'. शाळेत आपल्याला सांगतात, क्रियापदाला 'कसे' हा प्रश्न विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण. या प्रश्नानंच घोटाळा होतो. 'ती कशी दिसते?' आणि 'ती कशी नाचते?' दोन्हींचं मराठी उत्तर 'सुंदर'. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो, म्हणून मराठी माणसाला इथे दोन वेगळी नाती आहेत हे जाणवतच नाही. त्यात आपण 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' असंही म्हणतो. 'चांगली' हा शब्द खरं तर गाण्याबद्दल बोलतोय, पण रूप गाणारीप्रमाणे बदलतंय. तीच सवय इंग्रजीत नेली की 'शी सिंग्ज गुड' होतं. मग कुणीतरी ते दुरुस्त करतं, माणूस सावध होतो, आणि त्या सावधपणात 'शी लुक्स ब्यूटिफुली' लिहून बसतो.

'कसे'पेक्षा चांगली परीक्षा अशी: क्रियापद काढा आणि त्या जागी 'इज' घाला. 'शी लुक्स ब्यूटिफुल' चं 'शी इज ब्यूटिफुल' केलं तर अर्थ साधारण तोच राहतो. म्हणजे 'ब्यूटिफुल' त्या स्त्रीबद्दल बोलतंय, दिसण्याच्या क्रियेबद्दल नाही. म्हणून विशेषण. 'शी डान्सेस ब्यूटिफुली' मध्ये 'इज' घातलं तर नाचच नाहीसा होतो. म्हणजे तो शब्द नाचाबद्दल होता. म्हणून क्रियाविशेषण. 'लुक', 'साउंड', 'स्मेल', 'टेस्ट', 'फील', 'सीम', 'बिकम', 'रिमेन' ही क्रियापदं कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात. 'टर्न पेल', 'ग्रो टॉल' यांतली 'टर्न' आणि 'ग्रो' सुद्धा त्याच कामाची.

पण क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, कारण तेच क्रियापद दुसऱ्या वाक्यात खरीखुरी क्रिया दाखवतं. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसत होता. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. 'द डॉग स्मेल्स बॅड' म्हणजे कुत्र्याला घाण वास येतोय. 'द डॉग स्मेल्स बॅडली' म्हटलं तर त्याचं नाक नीट काम करत नाही. माझी सगळ्यात आवडती जोडी मात्र वेगळी आहे. 'शी फाउंड द बुक ईझी' आणि 'शी फाउंड द बुक ईझिली'. पहिल्यात पुस्तक सोपं वाटलं, दुसऱ्यात पुस्तक सहज सापडलं. पहिल्यात 'ईझी' पुस्तकाला जोडलेलं आहे, दुसऱ्यात 'ईझिली' सापडण्याला. एका '-ली'नं क्रियापदाचा अर्थसुद्धा बदलून टाकला. ही जोडी नीट समजली की पहिला प्रश्न सुटला असं समजा.

'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' या जोडीतही नात्याचाच प्रश्न आहे. '-इंग' भावना निर्माण करणाऱ्याला लागतं, '-एड' ती भावना होणाऱ्याला. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मी दुसऱ्यांना कंटाळा आणतो. 'इंटरेस्टिंग' पुस्तक असतं, 'इंटरेस्टेड' वाचक असतो.

आता जागेकडे. नामाच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी यांच्यात एक मोठा फरक आहे आणि पाठ्यपुस्तकं त्याबद्दल फार बोलत नाहीत. मराठीत वर्णन कितीही लांब असलं तरी ते नामाच्या आधी येऊ शकतं: 'मी काल वाचनालयातून आणलेलं पुस्तक'. इंग्रजीत एकटंदुकटं विशेषण नामाच्या आधी येतं, पण वर्णनाला स्वतःचा परिवार असला की ते नामाच्या मागे जातं: 'द बुक आय ब्रॉट फ्रॉम द लायब्ररी येस्टरडे'. 'अ प्राउड फादर' चालतं, पण 'ऑफ हिज डॉटर' जोडलं की 'अ फादर प्राउड ऑफ हिज डॉटर' होतं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांची वाक्यं अनेकदा इथेच अडखळतात. पाच-सहा शब्दांचं वर्णन नामाच्या डोक्यावर ठेवलेलं असतं आणि वाचणारा नाम कधी येतंय याची वाट पाहत बसतो. असं झालं की वर्णन उचलून नामाच्या मागे न्या, वाक्य लगेच मोकळं होतं.

काही विशेषणं जागेबाबत हट्टी असतात. 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अवेक' ही नामाच्या आधी बसत नाहीत. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, पण झोपलेलं मूल म्हणायचं तर 'द स्लीपिंग चाइल्ड'. उलट 'मेन', 'मिअर', 'फॉर्मर' नामाच्या आधीच बसतात. 'द रीझन इज मेन' कुणी म्हणत नाही. 'समथिंग', 'नोबडी' यांच्या बाबतीत विशेषण मागे: 'समथिंग न्यू'. आणि काही शब्द जागा बदलली की अर्थ बदलतात. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सदस्य, 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले सदस्य. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्यानं हा फरक पाळलाच पाहिजे.

एकापेक्षा जास्त विशेषणं आली तर क्रम असा सांगतात: आधी मत, मग आकारमान, वय, आकृती, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ आणि शेवटी उपयोग. 'अ लव्हली स्मॉल ओल्ड राउंड ब्राउन वुडन टेबल'. क्रम पाठ करायला हरकत नाही, पण त्यामागचं कारण जास्त उपयोगी आहे. जो गुण वस्तूपासून वेगळा काढता येत नाही तो नामाच्या जवळ, जो पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून तो लांब. टेबल लाकडी आहे यावर वाद होणार नाही, ते सुंदर आहे यावर होईल. म्हणून 'वुडन' टेबलाला खेटून आणि 'लव्हली' टोकाला. प्रत्यक्ष लिहिताना तीनच्या वर विशेषणं एका नामापुढे लावूच नयेत असं माझं मत आहे. स्वल्पविरामासाठी परीक्षा सोपी: दोन विशेषणांच्या मध्ये 'अँड' घालता येत असेल आणि त्यांची अदलाबदल चालत असेल तर स्वल्पविराम द्या, नाही तर नको. 'अ लाँग, टायरिंग जर्नी' मध्ये तो हवा, 'अ स्मॉल वुडन बॉक्स' मध्ये नको.

नामसुद्धा विशेषणाचं काम करतं, आणि तेव्हा ते सहसा एकवचनात राहतं: 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय', 'अ फाइव्ह-किलोमीटर रेस'. 'इयर्स' आणि 'किलोमीटर्स' इथे नकोत. मात्र 'द बॉय इज टेन इयर्स ओल्ड' मध्ये 'इयर्स' हवंच, कारण तिथे ते खरं नाम आहे.

क्रियाविशेषणाला हालचालीचं स्वातंत्र्य जास्त आहे, पण एक दार त्याला जवळजवळ कायम बंद असतं: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधलं. 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' चूक, 'ही स्पीक्स इंग्लिश वेल' बरोबर. 'आय लाइक व्हेरी मच म्यूझिक' चूक, 'आय लाइक म्यूझिक व्हेरी मच' बरोबर. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'ती इंग्रजी छान बोलते' मध्ये 'छान' कर्म आणि क्रियापद यांच्या मध्येच बसतं, त्यामुळे हे दार इंग्रजीत बंद का हे आपल्याला आतून जाणवत नाही. इंग्रजी क्रियापदाला त्याचं कर्म लगेच हातात लागतं. कर्मच खूप लांबलचक असेल तर मात्र क्रियाविशेषण आधी येऊ शकतं: 'शी रीड केअरफुली एव्हरी लेटर दॅट हर फादर हॅड रिटन'.

'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर', 'युज्वली' ही मुख्य क्रियापदाच्या आधी, पण 'बी'च्या रूपांनंतर, आणि साहाय्यक क्रियापदं असतील तर पहिल्यानंतर: 'शी ऑलवेज कम्स लेट', 'शी इज ऑलवेज लेट', 'शी हॅज नेव्हर बीन लेट'. वाक्याच्या शेवटी रीत, स्थळ आणि काळ सांगणारे शब्द एकत्र आले तर साधारण त्याच क्रमानं येतात. काळ पुढेही नेता येतो.

'व्हेरी'बद्दल थोडं थांबतो. मराठी 'खूप' कुठेही बसतो: 'खूप मोठा', 'खूप आवडतं', 'खूप लोक'. 'व्हेरी' तसा नाही. तो विशेषण किंवा क्रियाविशेषण यांनाच जोडला जातो, क्रियापदाला नाही. म्हणून 'आय व्हेरी लाइक इट' होत नाही. तिथे 'व्हेरी मच' किंवा 'रिअली' लागतो, आणि लोकांसाठी 'मेनी'. दोन 'ओ'वाला 'टू' म्हणजे 'खूप' नाही, तर 'हवं त्यापेक्षा जास्त'. 'द टी इज टू हॉट' म्हटलं की तो पिता येत नाही असं त्यात आलंच. तसंच 'फ्रीझिंग', 'एक्सलंट', 'इम्पॉसिबल' या शब्दांत टोकाची मात्रा आधीच आहे, त्यांना 'व्हेरी' नको, 'ॲब्सोल्यूटली' चालतं. आणि '-अर' लागलेल्या किंवा 'बेटर'सारख्या शब्दाला पुन्हा 'मोअर' नको. तुलनेचा फरक मोठा आहे असं सांगायचं तर 'मच बेटर'.

आता जागेमुळे अर्थ कसा उलटापालटा होतो ते पाहू. माझ्या मते मॉडिफायर शिकण्याचं खरं कारण इथे आहे. 'ओन्ली' घ्या. 'ओन्ली शी रोट टू हिम' म्हणजे तिनंच त्याला लिहिलं. 'शी ओन्ली रोट टू हिम' म्हणजे तिनं फक्त लिहिलं, भेटली वगैरे नाही. पण बोलताना याच वाक्याचा अर्थ 'तिनं त्यालाच लिहिलं' असाही होतो. 'शी रोट ओन्ली टू हिम' म्हणजे निःसंशय त्यालाच. मराठीत आपल्याकडे 'च' आहे, आणि तो ज्या शब्दाला लागतो त्याच शब्दाला पकडतो, म्हणून हा गोंधळ होत नाही. इंग्रजी बोलणारा हे काम आवाजाच्या जोरानं करतो. कागदावर आवाज नसतो, त्यामुळे तिथे 'ओन्ली' ज्या शब्दासाठी आहे त्याच्या अगदी शेजारी ठेवा. मनात वाक्य मराठीत म्हणून बघा, 'च' कुठे लागतो ते पाहा, 'ओन्ली' तिथेच न्या. 'निअरली' आणि 'ऑल्मोस्ट' यांनाही हेच लागू. 'ही निअरली लॉस्ट ऑल हिज मनी' मध्ये पैसे थोडक्यात वाचले. 'ही लॉस्ट निअरली ऑल हिज मनी' मध्ये जवळजवळ सगळे गेले.

काही क्रियाविशेषणं अख्ख्या वाक्याला जोडलेली असतात आणि तेव्हा ती बहुधा सुरुवातीला, स्वल्पविरामासह येतात. 'हॅपिली, ही डिड नॉट डाय' म्हणजे सुदैवानं तो वाचला. 'ही डिड नॉट डाय हॅपिली' म्हणजे तो मेला, आणि मरताना सुखी नव्हता. 'होपफुली' हा शब्द 'आशा आहे की' या अर्थानं वाक्याच्या सुरुवातीला वापरणं विसाव्या शतकात अनेक जाणकारांना खुपत होतं. 'आशेनं' एवढाच त्याचा अर्थ आहे असं त्यांचं म्हणणं. 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपल्या लेखननियमांत हा वापर मान्य केला. 'फ्रँकली' आणि 'फॉर्च्युनेटली' यांना कुणी कधी हरकत घेतली नाही, तर एकट्या 'होपफुली'नं काय पाप केलं होतं, हे मला कधीच पटलं नव्हतं. तुम्ही तो खुशाल वापरा.

क्रियाविशेषण वाक्यात किती लांबपर्यंत पोचतं, यावर माणसाची कैद ठरू शकते. अमेरिकेतल्या एका कायद्यात अशी तरतूद आहे की काही ठरावीक गुन्हे करताना जो कुणी कायदेशीर अधिकार नसताना दुसऱ्या व्यक्तीचं ओळखीचं साधन 'नोइंगली', म्हणजे जाणूनबुजून, देतो, बाळगतो किंवा वापरतो, त्याला दोन वर्षांची जादा शिक्षा. एका माणसानं नोकरीसाठी आपली ओळख म्हणून खोटे क्रमांक दिले होते, आणि ते क्रमांक खऱ्याखुऱ्या दुसऱ्या लोकांचे निघाले. ते दुसऱ्या कुणाचे आहेत हे आपल्याला माहीत असल्याचं सरकारनं सिद्ध करावं, असं त्याचं म्हणणं. सरकारचं म्हणणं, तशी गरज नाही. ते साधन त्यानं जाणूनबुजून वापरलं एवढं पुरे. म्हणजे प्रश्न असा झाला की 'नोइंगली' क्रियापदांपाशी थांबतं, की पुढे कर्मापर्यंत, अगदी 'दुसऱ्या व्यक्तीचं' या शब्दांपर्यंत जातं? 2009 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल माणसाच्या बाजूनं दिला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी निकालपत्रात सरळ इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतला: अमक्यानं जाणूनबुजून पैसे भावाच्या खात्यात वळवले असं म्हटलं, तर ते खातं भावाचं आहे हे त्याला माहीत होतं असंच आपण समजतो. सकर्मक क्रियापदाबरोबर आलेलं क्रियाविशेषण साधारणपणे क्रियापद आणि कर्म दोघांनाही कवेत घेतं. करार, नियम, सूचना लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यानंतर सगळ्यात अवघड जागा, आणि इथे मराठी आपल्याला थेट खड्ड्यात नेते. 'घरी येताना पाऊस लागला.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. कोण येत होतं हे सांगायची गरज नाही, पाऊस घरी येत नव्हता हे ऐकणाऱ्याला कळतं. पण हेच इंग्रजीत 'कमिंग होम, द रेन स्टार्टेड' असं लिहिलं तर त्याचा अर्थ पाऊस घरी येत होता असा होतो. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी आलेला '-इंग' किंवा '-एड' वाला शब्दसमूह स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला जोडला जातो, हा प्रमाणलेखनाचा नियम. आपला '-ताना' आणि '-ऊन' यांना कर्ता वेगळा असलेला बऱ्याच ठिकाणी चालतो, म्हणून शिकलेली, इंग्रजीत रोज लिहिणारी मराठी माणसंही इथे घसरतात. अहवालात दिसणारं वाक्य पाहा: 'आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, सेव्हरल मिस्टेक्स वेअर फाउंड'. अहवाल कुणी वाचला? व्याकरणानं पाहिलं तर चुकांनी.

दुरुस्तीचे मार्ग दोन. एक म्हणजे खरा कर्ता स्वल्पविरामानंतर आणायचा: 'आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, वी फाउंड सेव्हरल मिस्टेक्स'. दुसरा म्हणजे पहिल्या भागाला त्याचा स्वतःचा कर्ता द्यायचा: 'ॲज आय वॉज कमिंग होम, इट स्टार्टेड टू रेन'. मला दुसरा मार्ग अनेकदा जास्त बरा वाटतो, कारण त्यात मुख्य वाक्याची मोडतोड होत नाही. 'कन्सिडरिंग' आणि 'जनरली स्पीकिंग' यांना मात्र हा नियम लावू नका. ती आता जवळजवळ अव्ययांसारखी झाली आहेत आणि त्यांना कर्ता शोधावा लागत नाही.

नामाच्या मागे येणारे शब्दसमूहही असे भरकटतात. 'आय सॉ अ मॅन विथ अ टेलिस्कोप' मध्ये दुर्बीण कुणाकडे आहे? 'दुर्बिणीतून पाहिलं' आणि 'दुर्बीणवाला माणूस' असे दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि वाचक आपल्या मर्जीनं एक निवडतो. मराठीत हा प्रश्न येत नाही, कारण प्रत्यय लगेच निवाडा करतात. म्हणून मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना मूळ वाक्य पूर्णपणे स्पष्ट असतं आणि भाषांतर संदिग्ध होतं, हे भाषांतर करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

'हू' आणि 'विच'नं सुरू होणाऱ्या वर्णनात स्वल्पविराम काढले की घरातली माणसं वाढतात. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड इज अ डॉक्टर' मध्ये स्वल्पविराम नाही, म्हणजे मला आणखीही भाऊ आहेत आणि त्यातल्या परदेशी असलेल्याबद्दल मी बोलतोय. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज अब्रॉड, इज अ डॉक्टर' मध्ये भाऊ कोणता ते आधीच ठरलेलं आहे, परदेशाचा उल्लेख जाता जाता केलेला आहे.

मी मजकूर तपासताना प्रत्येक मॉडिफायरपासून त्याच्या विशेष्यापर्यंत मनात एक बाण काढतो. बाणाला वाटेत दुसरा कुणी उमेदवार आडवा आला तर शब्द हलवायचा. बाण दोन्हीकडे जात असेल तरीही हलवायचा. 'स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन इम्प्रूव्ह' मध्ये 'ऑफन' मागे सरावाकडे पाहतंय आणि पुढे सुधारणेकडेही. वारंवार सराव करणारे सुधारतात, की सराव करणारे बऱ्याचदा सुधारतात? 'स्टुडंट्स हू ऑफन प्रॅक्टिस इम्प्रूव्ह' किंवा 'स्टुडंट्स हू प्रॅक्टिस इम्प्रूव्ह इन मेनी केसेस' असं काहीतरी एक करावंच लागतं.

तुमचा तिसरा प्रश्नही याच बाणानं सुटतो. 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये काही घालू नये, हा दंडक एकोणिसाव्या शतकात पसरला. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत तसं लिहिलं जात होतं, आणि आज प्रमुख लेखनसंहिता त्याला चूक मानत नाहीत. 'ही डिसायडेड प्रॉम्प्टली टू रिटर्न द मनी' हे वाक्य 'टू' न फोडण्याच्या हट्टापायी लिहिलेलं आहे, आणि त्यात निर्णय तातडीचा होता की पैसे परत करणं तातडीचं होतं हे कळत नाही. 'टू प्रॉम्प्टली रिटर्न' म्हटलं की शंका उरत नाही. निर्णयच झटपट होता असं सांगायचं असेल तर 'ही प्रॉम्प्टली डिसायडेड'. आणि 'वी एक्स्पेक्ट द नंबर टू मोअर दॅन डबल' सारख्या वाक्यात तर 'मोअर दॅन' दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. परीक्षेत किंवा जुन्या वळणाच्या कार्यालयीन पत्रात समोरचा अजून हा दंडक पाळत असेल, तर तेवढ्यापुरता शब्द शेवटी नेऊन ठेवा: 'ही डिसायडेड टू रिटर्न द मनी प्रॉम्प्टली'. अर्थ स्पष्ट राहतो आणि कुणाची हरकतही येत नाही.